आई आणि मुलगा एकत्र धावले तर टाइम कुणाचा धरायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर हाफ मॅरेथॉनची (२१ किलोमीटरच्या शर्यतीची) बातमी आली आणि सोबत मोठा फोटो, बाबा आणि लेक हातात हात घालून फिनिश लाइन ओलांडतायत, खाली ओळ टाकलीय ‘लेकीसाठी बापाची धाव’. फोटो मस्तच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी तो ई-पेपरवर मोठा करून बघितला, बाबांचे खांदे कानापर्यंत आलेत, मान खाली, उजवा पाय बाहेर फेकला जातोय, आणि लेक एकदम फ्रेश, मोकळ्या हातात बाबांची पाण्याची बाटली धरलीय. आता कोण कुणासाठी धावत होतं हे थोडं जरी धावलेल्या माणसाला विचारलं तरी सांगेल. ओळ उलटी पाहिजे होती. असो. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. खाली निकाल दिलाय त्यात पुरुष खुला गट, महिला खुला गट, ४५ च्या पुढचे, सगळं आहे, पण ही दोघं एकत्र धावली याचा निकालात कुठे पत्ताच नाही. फोटो काढायला जोडी आणि निकाल लावताना दोघं वेगवेगळे, हे काय बरोबर वाटत नाही मला.

मी रत्नागिरीजवळ राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, आणि मुलगा पुण्याला शिकायला असतो. तो कॉलेजात धावायला लागला, मी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागले, आणि मग तो सुट्टीला आला की दोघं एकत्र निघायला लागलो. आमच्याकडे बाई सकाळी रस्त्याने पळताना दिसली की लोकांना आधी आजार आठवतो, "काय हो वहिनी, शुगर निघाली काय?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता थांबत पण नाही, हात करते आणि पुढे जाते. (निघाली होती बॉर्डरला, पण ते त्यांना कशाला सांगा.) मुलाबरोबर असले की मात्र कोणी विचारत नाही, उलट "वा वा, मुलगा आईला पळवतोय" असं कौतुक. हे पण जरा गमतीचंच आहे, एकटी पळाली तर आजारी आणि मुलासोबत पळाली तर आदर्श.

तर एकत्र धावणं म्हणजे नक्की काय असतं हे सांगते, कारण फोटोवरून वाटतं की दोघं प्रेमाने गप्पा मारत चाललेत. तसं काही नसतं हो. दोन माणसांचा पेस, म्हणजे धावायचा वेग, कधीच सारखा नसतो. माझं पाऊल छोटं, त्याचं लांब, मी किलोमीटरला आठ मिनिटांच्या आसपास, तो साडेपाच-सहाला आरामात जातो. मग त्याला माझ्याबरोबर राहायचं तर पाऊल आखडून धावावं लागतं आणि त्याने त्याच्या कमरेला आणि गुडघ्यांना त्रास होतो. लोकांना वाटतं हळू धावणं म्हणजे सोपं, जो दमदार आहे तो मागच्याबरोबर आरामात येतो, पण जो माणूस २१ किलोमीटर दोन तासांत संपवू शकतो त्याला तेच अंतर पावणेतीन तास पायावर राहून, दीड-दोनशे मीटरला एकदा मागे बघत, आणि शेवटचा तास उन्हात धावायला लावा आणि मग विचारा सोपं होतं का. मुलगा मला स्वच्छ बोलला, "आई, तुझ्यासोबतचे एकवीस मला माझ्या एकट्याच्या एकवीसपेक्षा जास्त लागतात." मला राग आला नाही, उलट बरं वाटलं की खोटं बोलला नाही.

आणि पुढचा माणूस फास्ट असला की मागच्याची पण पंचाईत होते. मुलगा चार पावलं पुढे असला तरी मी नकळत ओढली जाते, पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माझा दम तिथेच खर्च होतो आणि मग पंधराच्या पुढे पाय शिशाचे होतात. म्हणून आमचा नियम आहे की त्याने माझ्या अर्धं पाऊल मागे राहायचं, पुढे यायचंच नाही, पेस मी ठरवणार. हा नियम होण्याआधी रस्त्यावर भांडणं झालीत आमची, गोळपच्या चढाला मी त्याला "जा तू पुढे, मला एकटीला येऊदे" म्हणून ओरडले आहे आणि तो पण "मग मला बोलावलंस कशाला" म्हणून, आणि बाजूच्या बागेतला गुरखा काठी घेऊन बाहेर आलेला काय झालं बघायला. आई-बाप मुलांना "तू जा पुढे" असं म्हणतात ना, ते नव्वद टक्के वेळा खरं नसतं, आणि मुलांना ते बरोब्बर कळतं, म्हणून ती जात नाहीत, आणि मग दोघांची पण रेस बिघडते.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर आमच्याकडे समुद्र आहे ही मोठी सोय, पण पुण्या-मुंबईच्या कोचचा चार्ट इथे जसाच्या तसा चालत नाही. चार्टमध्ये लिहिलेलं असतं रविवारी लाँग रन. आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर रविवार चालत नाही, तिथे तिथी चालते. माझे सासरे सांगायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला पाणी अगदी वर, सुरूच्या बनापर्यंत, धावायला राहते ती फक्त भुसभुशीत वाळू, तिच्यात पाऊल रुतून पोटऱ्या भरून येतात. आणि पुनव-अवसेच्या आसपास भरती बाराला, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण सुकती (ओहोटी), आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत गेलेलं, ओली घट्ट वाळू अशी लांबच लांब मिळते की शूज काढून धावावंसं वाटतं. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतं पण हिशोब चुकत नाही. मुलाने मोबाईलवर भरतीचं ॲप टाकलं, ते आणि सासऱ्यांचा हिशोब जवळजवळ सारखंच सांगतात. फक्त एक सांभाळायचं, ओली वाळू समुद्राकडे उतरती असते त्यामुळे एकाच दिशेने खूप धावलं की एका बाजूचं कंबर धरतं, जाऊन परत यायचं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात.

रस्त्यावर मात्र वेगळीच तऱ्हा. आमचे रस्ते सपाट नाहीत, खाडीपासून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढा आणि सड्यावरून परत खाली उतरा. आरे-वारेच्या रस्त्याला ज्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकलीय त्यांना सांगायला नको. त्यात चिऱ्याचे ट्रक, आणि मच्छीचे टेम्पो, त्यांच्यातून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतं आणि वळणावर ते असं निसरडं होतं की धावणारा काय, मोटारसायकलवाला पण आडवा होतो. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहर असतो तेव्हा बागांमधून सकाळची फवारणी चालू असते, तो वास छातीत घेऊन चढ चढायचा म्हणजे शिक्षाच. बागायतदारांना मी काय सांगणार, त्यांचं वर्षाचं पोट त्यावर आहे, पण निदान रेसच्या दिवशी रूटच्या बाजूच्या बागांशी आयोजकांनी आधी बोलून ठेवलं तर बरं होईल, एक सकाळ इकडची तिकडे केली तर मोहर काय गळून पडत नाही.

आता रेसचा अनुभव. आम्ही दोघांनी मिळून एका हाफ मॅरेथॉनला नाव दिलं, आपल्याच किनाऱ्यावरच्या, नाव घेत नाही कारण बाकी व्यवस्था चांगली होती आणि पोरं मनापासून राबत होती. फॉर्ममध्ये एकत्र धावतोय असं सांगायला जागाच नव्हती. मुलाला त्याच्या अंदाजे टायमिंगवरून पुढच्या घोळक्यात टाकलं, मला मागच्या, आणि दोन्ही घोळके वेगवेगळ्या वेळी सोडले. स्वयंसेवक पोरगी बिचारी नियमाला धरून, "सर तुमचा बिब पुढचा आहे, इथे थांबू नका." (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर.) शेवटी तो पुढून सुटला आणि दोनशे मीटरवर जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिला माझी वाट बघत. आणि टाइम मोजणारी चिप तर चालू झाली ना, ती स्टार्टची मॅट ओलांडली की चालू होते, त्यामुळे निकालात तो माझ्यापेक्षा कितीतरी मिनिटं जास्त लागलेला दिसतो! आम्ही शेवटची मॅट एकाच वेळी ओलांडली आणि सर्टिफिकेटवर मात्र तो माझ्या मागे. तो हसतो त्याच्यावर, म्हणतो आई तू मला हरवलंस. मला नाही हसू येत. तीन तास जे आम्ही केलं ते कागदावर कुठे आहे?

रेसच्या सोळाव्या-सतराव्या किलोमीटरचं एक सांगितलं पाहिजे. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो, सहाला स्टार्ट असला की पहिला तास छान जातो, पण आठ वाजले की दमट हवेचा हिसका कळतो. घाम येतो पण सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. टेबलावर साधं पाणी होतं, मी प्रत्येक ठिकाणी ढसाढसा प्यायले, आणि सोळाच्या पुढे बोटं सुजल्यासारखी झाली आणि मळमळायला लागलं. मुलाने ते ओळखलं, बाटली काढून घेतली, कमरेच्या पाऊचमधून मीठ घातलेलं कोकम सरबत दिलं आणि दोन मिनिटं चालायला लावलं. नुसतं पाणी पित राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, ते न पिण्याइतकंच वाईट, आणि दमलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं. त्याला कसं कळलं विचारलं तर म्हणाला तू मघापासून काहीच बोलत नाहीयेस. बघा, हे काम कोण पेसर (ठरलेला वेग धरून सोबत धावणारा) करेल? (आयोजकांनो, कोकणात रेस आहे, टेबलावर मीठ-कोकम ठेवा ना, बाटलीबंद निळी-हिरवी सरबतं लांबून मागवायची काय गरज आहे.)

आता नियमाचं. मी याच्यावर थोडं वाचलं, आणि गंमत अशी की जगभर पण या प्रश्नाला एकच उत्तर नाहीये. तो एक व्हिडिओ सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर बघितला असेल, १९९२ बार्सिलोना ऑलिंपिक, डेरेक रेडमंड ४०० मीटरच्या सेमीफायनलमध्ये मांडीचा स्नायू फाटून खाली बसतो, आणि त्याचे वडील प्रेक्षकांतून सुरक्षा रक्षकांना बाजूला करत ट्रॅकवर येतात आणि खांद्याला धरून त्याला लाइनपर्यंत नेतात. सगळं स्टेडियम उभं राहिलं. पण नियमाप्रमाणे बाहेरच्याने मदत केली म्हणून ती शर्यत त्याच्या नावावर पूर्ण धरली गेली नाही. नियम आपल्या जागी ठीकच आहे, बाहेरून येऊन कोणीही धरायला लागलं तर रेस कसली. मग २०१६ रिओ, जर्मनीच्या जुळ्या बहिणी ॲना आणि लिसा हाहनर, महिलांच्या मॅरेथॉनमध्ये हातात हात घालून ८१ आणि ८२ नंबरने आल्या आणि त्यांच्याच देशाच्या फेडरेशनने त्यांना झापलं, की ऑलिंपिक म्हणजे काय गंमत आहे का. तिथे मला दोन्ही बाजू पटतात, देशातर्फे गेलात तर जीव तोडून धावा हे पण खरं आहे. पण आमच्यासारख्या, स्वतःच्या खिशातून फी भरून, मेडल नाही मिळणार हे माहीत असून धावणाऱ्या माणसांना तो नियम कशाला?

मोजायचं कसं याची दोन उदाहरणं मला सापडली आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक आयर्लंडचे बाप-लेक, टॉमी ह्यूज आणि ओइन ह्यूज. २०१९ ला जर्मनीत फ्रँकफर्टच्या मॅरेथॉनमध्ये बाप ५९ वर्षांचा, २ तास २७ मिनिटं ५२ सेकंद, आणि लेक ३४ वर्षांचा, २ तास ३१ मिनिटं ३० सेकंद. बाप पुढे बरं का! दोघांची बेरीज ४ तास ५९ मिनिटं २२ सेकंद आणि बाप-लेकाच्या एकत्रित वेळेचा गिनीज रेकॉर्ड. (हा टॉमी स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची मॅरेथॉन धावलेला माणूस, म्हणजे साध्यासुध्या बापाने मनाला लावून घेऊ नये.) इथे पद्धत बेरजेची. दोघं आपापलं जोरात धावा, शेवटी बेरीज करू. याच्यात एकत्र असं काय आहे? दोघं वेगवेगळ्या रस्त्याने गेले असते तरी बेरीज तीच आली असती.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, डिक हॉइट आणि रिक हॉइट. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, हातापायावर ताबा नाही, बोलता येत नाही, डोक्याच्या हालचालीने कॉम्प्युटरवर अक्षरं निवडून बोलायचा. १९७७ साली त्याने वडिलांना सांगितलं की अपघातात अपंग झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची रन आहे त्यात मला भाग घ्यायचाय. वडील काही धावणारे नव्हते, चाळिशीला टेकलेले, तरी खुर्ची ढकलत पूर्ण केली, जवळजवळ शेवटचे आले. तिथून पुढे हजाराच्या वर रेसेस, त्यात बॉस्टन मॅरेथॉन ३२ वेळा, आणि १९९२ ला तर खुर्ची ढकलत पूर्ण मॅरेथॉन २ तास ४० मिनिटांत, जी आपल्यातल्या चांगल्या चांगल्या एकट्या धावणाऱ्यांना जमत नाही. सुरुवातीला बॉस्टनवाल्यांनी यांना रीतसर नंबर पण दिला नव्हता, कारण हे कुठल्या गटात बसतच नव्हते, ना धावणारे ना व्हीलचेअरवाले. हे वाचलं आणि मी थांबलेच, म्हणजे तेव्हा पण भांडण रकान्याचंच होतं. नंतर त्याच शर्यतीच्या स्टार्टपाशी, हॉपकिंटन गावात, २०१३ साली दोघांचा पुतळा उभा राहिला. डिक २०२१ ला गेले, रिक २०२३ ला. यांच्या बाबतीत बेरजेचा प्रश्नच येत नाही, दोघांचा टाइम एकच, कारण दोघं एकाच क्षणी पोचतात.

माझं म्हणणं हेच आहे की जोडीचा टाइम म्हणजे जो मागून पोचेल त्याचा टाइम. बेरीज नको, सरासरी नको. लग्नाच्या वऱ्हाडाची शेवटची गाडी आली की वऱ्हाड आलं म्हणतात, तसं. असं केलं की सगळी गणितं आपोआप बदलतात, जोरात धावणाऱ्याला एकटं पुढे जाऊन काही फायदा नाही, मागच्याला कसं नीट आणायचं, कधी पाणी द्यायचं, कधी चालायला लावायचं, कुठल्या चढाला गप्प बसायचं हेच त्याचं कौशल्य. आणि मागच्याला पण "मी अडकवतेय त्याला" असं वाटून घ्यायची गरज नाही कारण टाइम दोघांचाच आहे. दोन्ही चिपा लाइनवर दहा सेकंदांच्या आत वाजल्या पाहिजेत, नाही वाजल्या तर जोडी रद्द, दोघांचे आपापले वैयक्तिक निकाल लागतील, कुणाचं नुकसान नाही. प्रत्येक दहा किलोमीटरला मॅट असतेच, तिथे पण तपासता येईल की हे खरंच सोबत आहेत की शेवटी येऊन हात धरलाय. दोघांच्या वयाची बेरीज करून दोन-तीन गट पाडले तर सत्तरीचे आजोबा आणि चाळिशीचा मुलगा यांना पण न्याय मिळेल. स्टार्टला जोड्या सगळ्या मागच्या घोळक्यात सोडा, आमची काही तक्रार नाही. बक्षीस पैशाचं नको, एक काजूचं झाड द्या, नाहीतर काहीच देऊ नका, निकाल तेवढा एका ओळीत लागूदे, दोन नावं आणि एक टाइम.

टायमिंगवाली कंपनी म्हणेल सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. बसतं. रिलेचे निकाल लावतातच की, टीमचे पण लावतात. माझा मुलगा कॉम्प्युटरचंच शिकतो, तो म्हणाला दोन बिब नंबर एकमेकांना जोडायचे आणि मोठी वेळ उचलायची, एक्सेलमध्ये पण होईल.

पण एक गोष्ट याच पत्रात लिहिणं भाग आहे, नाहीतर माझ्या सूचनेचा नको तो अर्थ निघेल. जोडी म्हणजे लहान मूल नव्हे. २१ किलोमीटरला मुलगा किंवा मुलगी किमान सोळा वर्षांची पाहिजे, आणि फुल मॅरेथॉनला अठरा, मुंबईच्या मॅरेथॉनला पण फुलसाठी अठराची अट आहे. मी दर वेळी बघते, आठ-नऊ वर्षांच्या पोराला बाप दहा किलोमीटरला ओढत नेत असतो, पोर रडकुंडीला आलंय, मोजे घोट्याखाली घसरलेत, आणि बाप एका हाताने व्हिडिओ काढतोय आणि "बस थोडंच राहिलं बाळा" म्हणतोय. लोक टाळ्या वाजवतात! मला नाही वाजवता येत. त्या वयात हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा मऊ असते, तिच्यावर रोज आपटाआपटी चांगली नाही, आणि मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, आपल्या दमट हवेत तर जास्तच. ओडिशाच्या बुधिया सिंगचं आठवा. २००६ साली जेमतेम चार वर्षांचं पोर, पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर, सात तास, शेवटी कोसळलं, तेव्हा टीव्हीवाल्यांनी ‘वंडर बॉय’ म्हणून डोक्यावर घेतलं आणि मग सरकारने त्याच्या असल्या धावण्यावर बंदी घातली. तो मोठा झाला तेव्हा त्या सगळ्या कौतुकातून त्याच्या हाताला काय लागलं? तिथे कोच होता, इथे आई-बाप आहेत, एवढाच काय तो फरक. लहानांना तीन किलोमीटर द्या, किनाऱ्यावर सुकतीला द्या, टाइम लावूच नका, आणि मधे थांबून शिंपल्या वेचल्या तर वेचूदेत.

आणि उलट ज्यांना खरंच जोडीशिवाय धावताच येणार नाही, म्हणजे रिकसारखी मुलं, त्यांना वाट पाहिजे. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांची मुलगी खुर्चीत असते, बाबा सकाळी तिला जेट्टीपर्यंत ढकलत नेतात आणि परत आणतात, ते बघायचं म्हणजे खड्डा आला की खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर काढायची, हे त्यांना इतकं सवयीचं झालंय की बोलणं पण थांबत नाही. त्यांनी एका रेसला विचारलं तर "इतर धावपटूंच्या सुरक्षेसाठी" नाही म्हणून सांगितलं. पाच-दहा मिनिटं आधी सोडा ना त्यांना, रस्ता तेव्हा रिकामाच असतो. चढ आहेत मान्य आहे, पण ते ढकलणाऱ्याने ठरवायचं.

आता आपल्या पेपरकडे एक मागणं. कोकणातली अर्धी घरं अशी आहेत की पोरं मुंबई-पुण्याला आणि आई-बाप इथे, गणपतीला आणि शिमग्याला भेट, मे महिन्यात आंबे खायला. जानेवारीत पोरं यायला काही कारण नसतं, तिकीट पण तेव्हा मिळतं. रेसचं निमित्त असलं तर येतात, आणि त्याच्या आधी दोन-तीन महिने रोज फोनवर "आज किती केलंस" हे तरी बोलणं होतं, जे "जेवलास का" याच्या पुढे जातं. आमच्या घरात तरी असं झालंय, माझा मुलगा आता मला विचारतो की आज किती केलंस आणि गुडघा कसा आहे, पूर्वी मीच विचारायचे आणि तो "हो हो" करायचा. म्हणून म्हणते आपण ही बातमी छापताना जोड्यांची वेगळी यादी मागा आयोजकांकडे. पेपरने मागितली की ते ठेवतील, मी मागून कोण ठेवतंय. आणि फोटोखालची ओळ लिहिताना एकदा त्या दोघांना विचारा की पेस कोण धरत होतं.

पुढच्या सीझनच्या नावनोंदण्या पावसाळ्यानंतर सुरू होतील, फॉर्म त्याच्या आधी तयार होतात, त्यामुळे जो काही रकाना वाढवायचाय तो आत्ताच सांगायला हवा. आमचं नाव आम्ही देणार आहोत, रकाना असला तरी आणि नसला तरी, फक्त नसला तर मुलाला परत दुकानाच्या पायरीवर बसावं लागेल.

आपली,
एक धावणारी आई, ता. जि. रत्नागिरी

ता.क. पत्र लांबलंय ते कळतंय, जागेसाठी कापायचं असेल तर सुकतीचं आणि फवारणीचं कापा, पण लहान मुलांचं कापू नका.